कापलेल्या शंकूची खूण

कारखान्यात प्रेसचा ठोका पडला की तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या टेबलांच्या पायांतून चढतो आणि पेन्सिलीच्या टोकापर्यंत येतो. बावीस वर्षांत मला त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच यायचा नाही. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ठोके एकदम थांबले, आणि तेव्हा मात्र मी मान वर केली.

खिडकीतून खाली पाहिलं तर सहा नंबरच्या प्रेसभोवती माणसं गोळा झाली होती. कोणीतरी ओरडत होतं, "वीज बंद करा, आधी वीज बंद करा!" घोळक्याच्या मधोमध एक निळा रुमाल दिसला, डोक्याला घट्ट बांधलेला. तो रुमाल मीच दिला होता. माझ्या धाकट्या भावाची बायको त्या प्रेसवर कामाला होती. तिला ही नोकरीही मीच मिळवून दिली होती.

जिना कसा उतरले ते आठवत नाही. मी पोचले तोवर तिचा हात फडक्यात गुंडाळलेला होता आणि फडकं भिजून काळपट झालेलं होतं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, जाळी बंद होती हो. मी बंद केली होती."

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या फळ्यावर कागद लागला. 'सहा नंबरच्या प्रेसवरील अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला असे प्राथमिक पाहणीत दिसते. सर्वांनी सावधगिरी बाळगावी.' प्राथमिक पाहणी कोणी केली, कधी केली, देव जाणे. मशीनला तर अजून कोणी हातही लावला नव्हता.

तो कागद फाडून टाकावा असं मनात आलं, पण दवाखान्यात जायची वेळ झाली होती. तिथे भाऊ व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. मी शेजारी बसले तसा तो उठून उभा राहिला.

"तुझे साहेब येऊन गेले," तो म्हणाला. "फळांची करंडी घेऊन. म्हणाले, बाहेर काही बोलू नका, पण खरं सांगायचं तर जाळीचं ड्रॉइंग चुकलं होतं. आणि ते ड्रॉइंग तुझं आहे म्हणाले. खरं आहे का?"

"ड्रॉइंग माझं आहे. चुकलेलं नाही."

"मग माझ्या बायकोची बोटं आपोआप गेली का?"

"अरे, मला बघू तरी दे आधी..."

"बघ तू. आयुष्यभर कागदच बघत बस." आणि तो आत निघून गेला. दार त्यानं आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी डोकं गच्च धरून बसले. फळ्यावर लिहायचं की तिची चूक, आणि दवाखान्यात येऊन कानात सांगायचं की हिची चूक. म्हणजे कंपनी सोडून सगळ्यांची चूक! तिथल्या तिथे अंगाची लाही लाही झाली.

साहेब म्हणजे आमच्या ड्रॉइंग विभागाचे नवे प्रमुख. दीड वर्षापूर्वी आले. आल्या दिवसापासून त्यांचा एकच शब्द होता, टापटीप. टेबल टापटीप हवं, फाइल टापटीप हवी, कागद टापटीप हवा. आठवड्याच्या आत सगळा मजला त्यांना टापटीपसाहेब म्हणायला लागला. माणूस गोड बोलायचा आणि इस्त्रीचे कपडे घालायचा. चित्र मात्र त्याला वाचता येत नव्हतं. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. कोणतंही ड्रॉइंग पुढे ठेवलं की तो आधी कोपऱ्यातलं नाव-तारीख बघायचा आणि मग म्हणायचा, "छान, जरा मोकळं मोकळं ठेवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींना घेऊन सहा नंबरवर गेले. मिस्त्री म्हणजे आमच्या देखभाल विभागातले सगळ्यात जुने फिटर. प्रेसपुढे एक लोखंडी जाळी असते, दारासारखी उघडझाप होणारी. ती पूर्ण लागली की आत बोट जाता कामा नये. ही जाळी एका ठोकळ्यावर फिरते. साबणाच्या वडीएवढा पोलादी ठोकळा, त्यात दोन भोकं. एक उभं आरपार, त्यात बिजागरीची खीळ. दुसरं पुढून मागे आरपार, त्यात तो मशीनला आवळायचा बोल्ट. दोन्ही भोकं मध्यावर नाहीत, एका बाजूला सरकलेली आहेत. त्या सरकण्यातच सगळी गंमत आहे.

मी जाळी लावून बघितली. कडेला माझ्या चार बोटांचा पंजा सहज आत जाईल एवढी फट होती. जाळीची एक उभी पट्टी कापून टाकलेली होती, ग्राइंडरनं.

"हे कोणी केलं?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी केलं, बाई. महिन्यापूर्वी नवीन ठोकळा आला बाहेरच्या वर्कशॉपमधून. बसवला तर जाळी मशीनच्या अंगाला घासायची, लागायचीच नाही. मॅनेजर म्हणाले, माल अडकलाय, प्रेस थांबवायची नाही, घासते तेवढी पट्टी कापा. मी कापली."

"तुम्ही? तीस वर्षं काम केलेला माणूस? हात थांबला नाही तुमचा?"

"नाही थांबला," ते म्हणाले.

मला आणखी बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. पण त्यांनी खाली वाकून बोल्ट सैल केला, ठोकळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी माझं ड्रॉइंग उलगडलं. ठोकळा कागदाशेजारी धरला. मापं बरोबर होती, मिलिमीटरसुद्धा इकडचा तिकडे नव्हता. फक्त खिळीचं भोक जिथे पुढच्या अंगाला हवं तिथे ते मागच्या अंगाला होतं. माझा ठोकळा आरशात बघितला तर जसा दिसेल, तसा हा होता.

मग मी कागदाचा उजवा कोपरा बघितला आणि कारण सापडलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. एखादी भरीव वस्तू सपाट कागदावर दाखवायची म्हणजे ती एका चित्रात मावत नाही. म्हणून ती समोरून कशी दिसते ते काढायचं, वरून कशी दिसते ते काढायचं, लागलं तर बाजूनं काढायचं. ही चित्रं एकमेकांना लागून मांडायची. आता मांडायच्या पद्धती दोन आहेत. एकीत वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या वर बसतं. तिला थर्ड अँगल म्हणतात आणि मी तशी काढते. दुसरीत वरून दिसणारं चित्र खाली बसतं, आणि वरच्या जागी येतं ते खालून दिसणारं. ती फर्स्ट अँगल. दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही जगभर चालतात. पण एका पद्धतीनं काढलेला कागद दुसऱ्या पद्धतीनं वाचला की पुढचं मागे जातं आणि मागचं पुढे येतं. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते. टोक कापलेला एक आडवा शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या कोणत्या अंगाला आहेत त्यावरून कारागिराला कळतं की हा कागद कसा वाचायचा.

माझ्या कागदावर ती खूण नव्हती. तिच्या जागी कंपनीचं चिन्ह होतं, मोठं, निळं, रुबाबदार.

आठ महिन्यांपूर्वी टापटीपसाहेबांनी कागदाची चौकट बदलली होती. तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये गेले होते. ते म्हणाले होते, "ही आडवी बादली कशाला हवी तिथे? आपल्याला आपण कसं काढतो ते माहीत आहे ना? मग झालं तर." मी म्हणाले, "आपल्याला आहे, बाहेरच्यांना नाही." ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही फारच जुन्या वळणाच्या." मी बाहेर आले. रागारागानं दिवसभर कोणाशी बोलले नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच चौकटीत चित्रं काढायला लागले.

ठोकळा मुठीत धरून मी जिना चढले. केबिनचं दार उघडंच होतं.

"या, बसा," साहेब म्हणाले. "मी तुम्हाला बोलावणारच होतो. एक छोटंसं निवेदन तयार केलंय. 'चित्रात संदिग्धता राहून गेली,' एवढंच. तुम्ही सही करा. फार तर ताकीद मिळेल, नोकरीला धक्का लागणार नाही याची जबाबदारी माझी."

"फळ्यावर तर तिचा निष्काळजीपणा लिहिलाय."

"ते वेगळं, हे वेगळं. सरकारी तपासनीस यायच्यात शुक्रवारी. आपल्याकडे सगळं तयार हवं."

"टापटीप," मी म्हणाले.

"हो, म्हणजे..."

मी ठोकळा त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवला. जरा जोरातच ठेवला असणार, कारण शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "हा ठोकळा बघा. आणि हे ड्रॉइंग बघा. आणि मला सांगा हा बरोबर आहे का चूक."

त्यांनी ठोकळा उचलला. कागद बघितला. ठोकळा फिरवला, पुन्हा कागद बघितला. मी वाट बघत होते. त्यांना सांगता येईना.

"सांगा ना! या कागदावर मंजुरीची सही तुमची आहे. कशावर सही केलीत ते तरी सांगा!"

"आवाज खाली, बाई."

"माझा आवाज बावीस वर्षं खालीच होता. तुमच्या त्या निळ्या चिन्हापायी खूण गेली आणि एका बाईचा हात गेला. दवाखान्यात जाऊन माझ्या भावाला फळं देता आणि माझं नाव सांगता? लाज नाही वाटत? निवेदनावर सही मी करणार नाही. काय करायचं ते करा."

मी बाहेर आले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले होते.

शुक्रवारी तपासनीस आल्या. चाळिशीच्या, सडसडीत, हातात कापडी पिशवी. सभागृहात लांब टेबलाच्या एका बाजूला त्या, मॅनेजर आणि टापटीपसाहेब. दुसऱ्या बाजूला मी, मिस्त्री आणि बाहेरच्या वर्कशॉपचा कारागीर, ज्यानं तो ठोकळा बनवला होता. मी फोन करून त्याला बोलावलं होतं, आणि तो बिचारा घाबरत घाबरत आला होता. दाराजवळच्या खुर्चीवर भाऊ आणि भावजय बसले होते. तिच्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज होतं.

मी दोन पद्धती समजावून सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटांत तपासनीसबाईंनी हात वर केला. "थांबा. मी कायद्याची माणूस आहे. मला या रेषा कळत नाहीत, आणि कळल्याचं नाटक मी करणार नाही."

टापटीपसाहेब हलकेच हसले. "तांत्रिक बाब आहे, मॅडम. बारकाव्यात जायची गरज नाही."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी उठले, सभागृहाबाहेर हात धुवायच्या नळाशी गेले आणि शेजारच्या कपाटातून कपडे धुवायच्या साबणाच्या दोन नव्या वड्या घेऊन आले. मिस्त्रींच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता, कारागिराकडेही होता.

"मॅडम, दहा मिनिटं द्या," मी म्हणाले. "हा कागद दोघांना देते. दोघं पाठीला पाठ लावून बसतील. कागदावर आहे ती दोन भोकं साबणात पाडतील. मी एक शब्द बोलणार नाही."

"हा काय पोरखेळ आहे?" मॅनेजर म्हणाले.

"चालू द्या," तपासनीसबाई म्हणाल्या.

दोघांनी खुर्च्या फिरवल्या. सभागृहात साबणाचा वास पसरला. टोक फिरवताना साबणाचा चुरा टेबलावर पडत होता. कारागीर कागद डोळ्यांजवळ धरून ओठ हलवत मोजत होता. मिस्त्री एकदाच कागद बघून कामाला लागले. काम झाल्यावर मी दोन्ही वड्यांच्या भोकांत पेन्सिली खुपसल्या आणि वड्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

लहान मुलालाही दिसलं असतं. एक डाव्या पायाचा बूट आणि एक उजव्या पायाचा.

तपासनीसबाईंनी दोन्ही वड्या हातात घेतल्या, फिरवल्या, उलट्यापालट्या करून बघितल्या. एक वडी कशीही वळवली तरी दुसरीसारखी होईना. "एकाच कागदावरून?" त्यांनी विचारलं.

"एकाच कागदावरून."

"मग यातला चुकला कोण?"

"दोघंही नाही. कसं वाचायचं ते सांगणारी खूण इथे होती." मी जुना कागद आणि नवा कागद पुढे सरकवला. "आठ महिन्यांपूर्वी काढली."

टापटीपसाहेब म्हणाले, "कळत नव्हतं तर कारागिरानं विचारायला हवं होतं."

कारागीर एकदम म्हणाला, "विचारलं होतं, साहेब. आमच्याकडे सगळं काम फर्स्ट अँगलमध्ये येतं. खूण दिसली नाही म्हणून मालकांनी माझ्यासमोर तुमच्या ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, कागदावर आहे तसं करा. मी कागदावर होतं तसं केलं."

"फोन कोणी घेतला?" बाईंनी विचारलं.

मॅनेजरांनी साहेबांकडे बघितलं. मग साहेब म्हणाले, "दिवसाला पन्नास फोन येतात."

"आणि ही जाळी कापलेली?"

मॅनेजर घसा साफ करत होते, तेवढ्यात मिस्त्री उभे राहिले. "जाळी मी कापली. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं आणि मी कापली. दोन्ही लिहून घ्या." त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

मला वाटलं, झालं. जिंकलो. छाती भरून आली होती, आणि खोटं कशाला सांगू, साहेबांचा उतरलेला चेहरा बघून आत कुठेतरी गोड वाटत होतं. तेवढ्यात तपासनीसबाई माझ्याकडे वळल्या.

"खूण काढली तेव्हा त्यात धोका आहे हे तुम्हाला कळलं होतं?"

"हो. मी साहेबांना सांगितलं होतं."

"लेखी?"

"नाही. तोंडी."

"नंतर त्याच चौकटीत तुम्ही किती चित्रं काढलीत?"

"दोनशेच्या वर असतील."

त्यांनी ते लिहून घेतलं. त्यात त्यांचा राग नव्हता, ठपकाही नव्हता. पेन कागदावर फिरत होतं एवढंच. मी दाराकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात भावजयीनं मला गाठलं. एरवी मला चिडवायचं असलं की ती मुद्दाम 'वन्सं' म्हणायची. आज म्हणाली, "ताई, एक ओळ लिहायला किती वेळ लागला असता?"

मी म्हणाले, "दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "त्या साहेबाला कळतच नव्हतं. तुम्हाला तर कळत होतं." आणि ती भावाचा हात धरून पायऱ्या उतरून गेली.

खरं सांगते, पहिल्यांदा मला तिचाच राग आला. मी एकटी सगळ्यांशी भांडले, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवली, आणि ही मलाच बोलते? घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला पन्नास उत्तरं दिली. भांडी घासताना आणखी वीस दिली. शेवटी एकही उत्तर उरलं नाही.

निकाल महिन्याभरानं आला. कामगाराची चूक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. फळ्यावरचा कागद काढून टाकून दुसरा लावायचा हुकूम झाला, भरपाईचा झाला, सगळ्या जाळ्या तपासायचा झाला. मॅनेजरांवर खटला भरला. टापटीपसाहेबांची मुख्य कचेरीत बदली झाली. जाताना त्यांना केक कापून निरोप दिला. मी गेले नाही. मिस्त्रींची एक पगारवाढ कापली गेली. मला लेखी ताकीद मिळाली. माझ्या टेबलाशेजारच्या बाईनं सांगितलं, "अपील कर, तुझं काही चुकलं नव्हतं." मी अपील केलं नाही.

त्या दोनशे चित्रांवर मी एकेक करून हातानं खूण काढली. कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिस सुटल्यावर रोज तासभर बसायचे. प्रत्येक शंकू काढताना दात ओठ खात होते. साहेबांवर की स्वतःवर, ते तेव्हा वेगळं करता येत नव्हतं, आताही येत नाही.

भावजय चार महिन्यांनी कामावर परत आली. प्रेसवर जायचा प्रश्नच नव्हता. तिला तपासणी विभागात बसवलं. तिथे आलेला माल चित्राशी ताडून बघायचा असतो. पहिले दोन आठवडे ती माझ्या टेबलाजवळून माझ्याकडे न बघता जायची. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभी राहिली, काखेत ड्रॉइंगची गुंडाळी.

"मला हे वाचायला शिकवा," ती म्हणाली. आत ये म्हटलं तर तशीच उभी. "मी तुम्हाला माफ केलं म्हणून नाही आले. दुसऱ्या कोणाला येत नाही म्हणून आले."

मी टेबल मोकळं केलं. डाव्या हातानं तिला रेघ धड ओढता येईना. दोनदा पेन्सिल फेकली, एकदा मला म्हणाली, "तुमचा आवाज नको, नुसतं दाखवा." मी नुसतं दाखवलं. दिसणारी कड अखंड रेषेनं, आत दडलेली कड तुटक रेषेनं. कप, आगपेटी, कुलूप, जे हाताला लागेल ते टेबलावर ठेवायचं आणि तिनं समोरून, वरून, बाजूनं काढायचं. भाऊ तिला न्यायला यायचा, पण दाराबाहेरच थांबायचा. सातव्या रविवारी आत येऊन पाणी मागितलं. अजून माझ्याशी धड बोलत नाही.

गेल्या मंगळवारी तपासणी विभागातून एक ड्रॉइंग माझ्याकडे परत आलं. लाल पेन्सिलीनं, डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'भोक आरपार आहे की अर्धवट? कळत नाही. माल घेणार नाही.' खाली सही, तारीख, वेळ.

माझी तुटक रेषा राहून गेली होती. नव्या साहेबांनी ते बघून म्हटलं, "एवढ्यासाठी माल अडवायचा? फोनवर सांगून टाका ना तिला."

"फोनवर नाही," मी म्हणाले. त्यांच्या हातातून कागद घेतला आणि टेबलाशी बसून पट्टी सरळ केली.